बीपी मशीनच्या स्टार्टअपसाठी लेख लिहायचेत, विषय कुठनं काढायचे?

राजारामपुरी_सातवी_गल्ली:

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितेय पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून. आम्ही तिघांनी दोन वर्षांपूर्वी इथंच कोल्हापुरात स्टार्टअप चालू केला, घरी बीपी मोजायचं मशीन आणि त्याच्या जोडीला मोबाईल ॲप. मशीन आम्ही बनवत नाही, लायसन असलेल्या कंपनीकडनं घेतो, ॲप मात्र पूर्ण आमचं. मोजलं की आकडा आपोआप ॲपमध्ये जातो, महिन्याचा तक्ता होतो, तो डॉक्टरांना दाखवता येतो आणि आईवडील गावात, मुलं पुण्यात असं असेल तर मुलांनाही दिसतो. माझे वडील कॅलेंडरच्या मागं आकडे लिहून ठेवायचे आणि दवाखान्यात जाताना नेमकं ते कॅलेंडर घरात राहायचं, त्यावरनं हे सुचलं.

अडचण अशी की वेबसाईटवरच्या लेखांचा काहीच उपयोग होत नाहीये. आठ महिन्यांपूर्वी एका एजन्सीला काम दिलं, त्यांनी ३८ लेख दिले. 'उच्च रक्तदाबाची १० कारणे', 'निरोगी हृदयासाठी १५ सवयी', 'योगाचे फायदे' असले. २६ इंग्रजीत, १२ मराठीत, आणि मराठीतले दोन ओळी वाचल्या की कळतंय भाषांतर केलंय. थोडे लोक येतात, अर्ध्या मिनिटात जातात. मशीन घेतलेल्यांपैकी एकानंही कधी म्हटलं नाही की तुमचा लेख वाचला. पैसे गेले ते गेलेच, पण मला जास्त लागलं ते हे की आमच्या नावावर ३८ लेख आहेत आणि त्यातला एकही मी माझ्या आईला वाच म्हणून देऊ शकत नाही.

एजन्सी बंद केली. आता महिन्याला २० हजारांच्या आत बसवायचंय, लिहायला मी स्वतः तयार आहे, इंजिनीअर आहे पण मराठी बरी आहे. विषय कसे ठरवायचे, मराठीत लिहायचं का इंग्रजीत, महिन्याला किती टाकायचे, आणि डॉक्टरांकडनं तपासून घ्यायलाच पाहिजे का? ज्यांनी आरोग्याच्या वेबसाईटसाठी काम केलंय त्यांनी सांगा, वरवरचं नको.

---

कागलचा_कंटेंटवाला:

ताई, मी नऊ वर्षं हेच काम करतोय, त्यातली चार वर्षं हेल्थवाल्यांसाठी. विषयांचं सांगतो, पण आधी एक सांगा. तुमच्या मशीनच्या बॉक्सवर मदतीचा नंबर असेल, तो फोन कोण उचलतं? आणि लोक काय विचारतात?

---

राजारामपुरी_सातवी_गल्ली:

फोन मीच उचलते. आणि वहीत लिहून पण ठेवते कारण वॉरंटीसाठी लागतं. तुम्ही विचारल्यावर वही काढून बसले, गेल्या तीन महिन्यांचं सगळं चाळलं.

सगळ्यात जास्त म्हणजे, 'दोनदा मोजलं, दोन वेगळे आकडे आले, मशीन खराब आहे, बदलून द्या.' निम्मे कॉल तरी हेच. मग डावा हात का उजवा. 'दवाखान्यात १५० आला, घरी १३२, खरं कुठलं?' पट्टा दंडाला पुरत नाही. स्क्रीनवर हृदयाचं चिन्ह लुकलुकतंय ते काय आहे. जेवल्यावर मोजायचं का जेवायच्या आधी. 'आता नॉर्मल येतंय, गोळी बंद केली तर चालेल का?' हे आठ-दहा जणांनी विचारलंय. आणि रात्री दहा-अकराला येणारे फोन, '१७० आलाय, काय करू', त्यांना मी घाबरत घाबरत एवढंच सांगते की डॉक्टरांना फोन करा.

शिरोळकडच्या एका आजींनी विचारलं होतं की मिश्री लावायच्या आधी मोजू का नंतर. मला उत्तर आलं नव्हतं, चौकशी करून दुसऱ्या दिवशी परत फोन केला तर त्यांना इतकं बरं वाटलं की त्यांनी शेजारच्या दोघींना मशीन घ्यायला लावलं.

---

कागलचा_कंटेंटवाला:

मग तुम्हाला विषय शोधायची गरजच नाही ताई, ती वही म्हणजेच तुमचं वर्षभराचं प्लॅनिंग आहे. नीट सांगतो.

एजन्सीनं 'बीपी म्हणजे काय' इथनं सुरुवात केली. असलं लिहिलेल्या मोठमोठ्या साईटी ढिगानं आहेत, मोठी हॉस्पिटलं आहेत, त्यांच्यापुढं तुमची दोन वर्षांची वेबसाईट गूगलला कशाला वर दिसंल? आणि समजा दिसली, तरी 'योगाचे फायदे' वाचणाऱ्याला मशीन कशाला लागतंय. तुमचा वाचक वेगळा आहे. त्याच्या दंडाला पट्टा आहे, समोर आकडा आलाय आणि पुढं काय करायचं ते त्याला कळंना झालंय. त्या एका मिनिटासाठी लिहा. दुसरं काही लिहू नका, निदान पहिले सहा महिने तरी.

एक लेख कसा करायचा ते सांगतो, तुमचाच पहिला प्रश्न घेऊ. शीर्षक 'बीपी दोनदा मोजला, आकडे वेगळे आले, मशीन खराब आहे का?' असंच ठेवा, फोनवर विचारलं तसंच. पहिल्याच ओळीत उत्तर द्या, की बहुतेक नाही, बीपी क्षणाक्षणाला वरखाली होतोच, दोन मोजण्यांत पाच-दहाचा फरक पडू शकतो. मग लगेच, करायचं काय तर एक मिनिट थांबून परत मोजा आणि सरासरी घ्या. मग फरक कशामुळं पडतो, बोलत होता का, मांडी घालून बसला होता का, चहा घेतला होता का. आणि शेवटी हे नक्की लिहा की मशीन खरंच बिघडलंय हे कसं ओळखायचं, तुमचं मशीन दवाखान्यात घेऊन जा आणि डॉक्टरांच्या मशीनशेजारी ठेवून बघा. हे लिहायला कंपन्या घाबरतात, पण हेच लिहिलं की माणूस विश्वास ठेवतो. फोटो घरातलेच काढा, गूगलवरनं उचललेला गोरा आजोबा नको.

शब्दांचं एक. 'उच्च रक्तदाब' कोण टाईप करतंय? लोक 'बीपी वाढला', 'बीपी हाय', 'मशीनचा पट्टा' असं टाकतात, कितीतरी जण मराठीच पण इंग्रजी अक्षरात. शीर्षकात लोकांचा शब्द ठेवा, आत एकदा रक्तदाब लिहा. गूगलमध्ये अर्धं वाक्य टाकून खाली काय सुचवतंय ते बघा. सर्च कन्सोल फुकट आहे, ते जोडलं नसंल तर आजच जोडा, तीन महिन्यांनी त्यात कळंल की लोक नक्की काय शब्द टाकून तुमच्यापर्यंत आले. जिथं तुम्ही दुसऱ्या-तिसऱ्या पानावर दिसताय तो लेख आधी सुधारा, नवा लिहायच्या आधी.

महिन्याला दोन लेख खूप झाले. जुन्या ३८ मधले ज्यांना खरंच वाचक आहेत असे चार-पाच ठेवून नव्यानं लिहा, बाकीचे काढून टाका, जीव अडकवू नका त्यात. आणि प्रत्येक बॉक्समध्ये एक कागद घाला, त्यावर मोठा क्यूआर कोड, 'आकडा वेगळा येतोय? इथं बघा'. लेख चालला का नाही हे व्ह्यूजवरनं मोजू नका, 'मशीन बदलून द्या'चे कॉल किती कमी झाले त्यावरनं मोजा. प्रत्येक परत आलेल्या मशीनचं कुरिअर तुम्हीच भरताय ना.

---

मेडिकल_काउंटर:

ताई, मी लक्ष्मीपुरीत मेडिकल चालवतोय, बावीस वर्षं झाली. कागलकर बोलले ते बरोबर हाय, त्यात माझं दोन शब्द.

गोळी बंद करायचा प्रश्न तुम्ही मधेच कुठंतरी लिहिलाय, तो पहिला घ्या. आमच्याकडं रोज एक तरी गिऱ्हाईक असं येतंय. घरात मशीन आलं, चार दिवस १२५-१३० आला, गोळी बंद. दोन महिन्यांनी परत येत्यात तवा चेहरा बघवत नाही. त्यांना कोण सांगतच नाही की गोळी चालू हाय म्हणून तर आकडा बरा येतोय. तुमच्या मशीनमुळं लोक गोळ्या सोडायला लागली तर ते मशीन घरात नसलेलं बरं, असं मला स्पष्ट वाटतं. म्हणून ॲपमध्ये सलग आठवडाभर आकडा चांगला आला की तिथंच हा लेख दिसू दे.

दुसरं पट्ट्याचं. आपलं हे कुस्तीचं गाव. तालमीत घुमलेली माणसं आता साठीला आली, व्यायाम सुटला पण दंड अजून तसंच. मशीनबरोबर जो पट्टा येतोय तो बहुतेक २२ ते ३२ सेंटीमीटरचा असतोय, ह्यांचा दंड ३६-३८ भरतोय. ओढून ताणून लावत्यात आणि मग आकडा जास्त दाखवतोय, माणूस घाबरून दुसऱ्या गोळीसाठी डॉक्टरकडं. मी काउंटरला शिंप्याचा टेप ठेवलाय, मशीन मागितलं की आधी दंड मोजतो. 'दंड मोजा, मग मशीन घ्या' असा एक लेख टाका, ह्यो लेख मशीन घ्यायच्या आधी वाचायचाय, बाकीचे घेतल्यावर.

मिश्रीचं लिहाच. आमच्या भागात किती बायका सकाळी उठल्या उठल्या मिश्री लावत्यात आणि मग बीपी मोजत्यात, मोठ्या वेबसाईटला हे कुठनं कळणार. आणि नवरात्रात नऊ दिवसांचा उपवास धरणारी माणसं सकाळची गोळी 'उपाशीपोटी नको' म्हणून सोडत्यात, घटस्थापनेच्या आठ दिवस आधी त्यावर लिहा. अंबाबाईच्या रांगेत दोन-तीन तास उभं राहायचं असतंय, त्यात पाणी नाही, गोळी नाही.

---

स्केलअप_गुरू:

एवढं कशाला, एआयला विषय द्या आणि रोज एक टाका, वर्षाला ३६५ लेख. संख्या असली की गूगल उचलतंच. महिन्याला दोननं काय होणार.

---

कागलचा_कंटेंटवाला:

@स्केलअप_गुरू दादा, हे आधी चालत होतं, आता नाही, आणि आरोग्यात तर मुळीच नाही. माणसाच्या तब्येतीवर नाहीतर पैशावर परिणाम करणाऱ्या विषयांना गूगल वेगळ्या, कडक मापानं बघतं. २०१८ च्या ऑगस्टच्या अपडेटमध्ये आरोग्याच्या कितीतरी साईटी एका रात्रीत खाली गेल्या, लोकांनी त्याला नावच 'मेडिक अपडेट' ठेवलं. २०२२ च्या डिसेंबरात त्यांनी तपासणीच्या निकषांत 'स्वतःचा अनुभव' हा मुद्दा वाढवला. आणि मार्च २०२४ पासून रँकिंगसाठी ढिगानं लेख पाडणं हे त्यांच्या नियमांत सरळ स्पॅममध्ये येतं, माणसानं पाडलेत का मशीननं याच्याशी घेणंदेणं नाही. शुद्धलेखन तपासायला, मुद्दे नीट लावायला एआय जरूर वापरा, मी पण वापरतो. पण मिश्रीचा प्रश्न त्याला सुचणार नव्हता, तो ताईंच्या वहीतनं आला.

---

एमडी_मेडिसिन:

वर बरीच चर्चा झालीय, काही गोष्टी डॉक्टर म्हणून सांगणं भाग आहे. मी कोल्हापुरातच प्रॅक्टिस करते.

तपासून घ्यायलाच पाहिजे का, तर हो. प्रत्येक लेख, छापायच्या आधी. खाली तपासणाऱ्याचं नाव, पदवी, मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक आणि तपासल्याची तारीख टाका, आणि वर्षातनं एकदा परत तपासा. पण यात एक सीमा आहे. आमच्यासाठी २००२ ची आचारसंहिता आहे, त्यात औषध किंवा उपकरणाच्या जाहिरातीसाठी शिफारस करायला डॉक्टरला मनाई आहे. म्हणजे 'मजकूर अमुक डॉक्टरांनी तपासला' एवढंच ठेवा. 'डॉक्टर म्हणतात हे मशीन उत्तम' असं कुणाच्याही नावानं लिहू नका, तुम्ही अडचणीत याल आणि तो डॉक्टरही. तपासणाऱ्याला मानधन द्या, ओळखीवर फुकट करून घेतलेलं काम घाईत होतं.

आता मजकुराबद्दल. मोजायची पद्धत हा एकच लेख असा करा की तो जिल्ह्यात सगळ्यात चांगला असेल. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, मिश्री काही नको, लघवीला जाऊन यायचं, खुर्चीत पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसायचं, पाय जमिनीवर सरळ, मांडी नाही, पायावर पाय नाही. हात टेबलावर, पट्टा छातीच्या पातळीला, उघड्या दंडावर, स्वेटरच्या बाहीवर नाही. मोजताना बोलायचं नाही आणि टीव्ही बंद. हात मांडीवर ठेवला तर वरचा आकडा साधारण ४ नं आणि नुसता खाली लोंबत ठेवला तर ६-७ नं जास्त येतो, हे मोजून पाहिलेलं आहे. पट्टा लहान असेल तर हा फरक पाचापासनं अगदी वीसपर्यंत जातो, त्यामुळं मेडिकलवाल्या दादांच्या टेपला माझा पूर्ण पाठिंबा. पहिल्यांदा दोन्ही हातांना मोजायचं, ज्या हाताला जास्त येतो तोच पुढं कायम.

दवाखान्यात १५० आणि घरी १३२ याचं उत्तर: दोन्ही खरे असू शकतात. दवाखान्यात १४०/९० पासनं वाढलेला धरतात, घरी मात्र १३५/८५ पासनं, कारण घरी माणूस निवांत असतो. आणि एका आकड्यावरनं काहीच ठरत नाही. सात दिवस, सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा मोजा, पहिला दिवस सोडा, उरलेल्याची सरासरी काढा. तुमच्या ॲपनं हे आपोआप केलं तर आम्हाला ओपीडीत केवढी मदत होईल, आत्ता पेशंट फक्त सगळ्यात मोठा आकडा लक्षात ठेवून येतात. हृदयाचं चिन्ह लुकलुकणं म्हणजे ठोके अनियमित असू शकतात, वारंवार दिसलं तर ईसीजी काढायला सांगा, त्यावेळी आकड्यावरही पूर्ण भरवसा ठेवता येत नाही.

रात्रीच्या फोनचा लेख सगळ्यात जबाबदारीचा. वरती, ठळक: छातीत दुखतंय, दम लागतोय, एका बाजूचा हातपाय लुळा पडलाय, तोंड वाकडं झालंय, बोलणं अडखळतंय, अचानक नीट दिसेनासं झालंय, यातलं काही असेल तर आकडा कितीही असो, १०८ ला फोन. यातलं काहीच नसेल आणि वरचा आकडा १८० च्या किंवा खालचा १२० च्या वर गेला असेल तर शांत बसून पाच मिनिटांनी परत मोजा, तरी तेवढाच असेल तर त्याच वेळी डॉक्टरांशी बोला. स्वतःच्या मनानं जास्तीची गोळी घ्यायची नाही, शेजाऱ्याची तर नाहीच. आणि माझी एक अट, या पानावर 'आमचं मशीन घ्या'चं बटण नको. घाबरलेल्या माणसाला काही विकू नका.

विषय हवे असतील तर अजून दोन देते, यावर मराठीत नीट लिहिलेलं मला फारसं सापडत नाही. एक, गुडघेदुखीच्या गोळ्या. डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी बीपी वाढतो, आणि लोक त्या महिनोन्‌महिने स्वतःच आणून खातात. दुसरं, उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये बीपी उतरतो, घाम जातो, त्याच डोसवर चक्कर येते. १७ मे हा जागतिक उच्च रक्तदाब दिन, त्या दिवशी सगळे तेच तेच टाकतात, तुम्ही 'उन्हाळ्यात बीपी कमी येतोय, काय करायचं' हे टाका.

---

पुण्यातली_लेक:

मी तुमची कस्टमर होऊ शकेन अशी बाई आहे म्हणून लिहितेय. आईवडील गारगोटीजवळ, मी पुण्यात नोकरीला. मशीन मीच ऑनलाईन घेऊन पाठवलं, दुसऱ्या कंपनीचं. घेताना मी जे वाचलं ते सगळं इंग्रजीत, कुठलं मशीन तपासून प्रमाणित आहे वगैरे, स्ट्राइड बीपी म्हणून तपासलेल्या मशीनची एक यादी ऑनलाईन आहे, तिच्यात नाव आहे का तेवढं बघितलं आणि घेतलं. मशीन घरी पोचल्यावर मात्र बाबांना हे कळेना, ते कळेना, आणि मी फोनवरनं सांगून सांगून थकले. म्हणून मराठी का इंग्रजी हा प्रश्न मला तरी असा वाटतो की तुमचे वाचक दोन आहेत. पैसे देणारी मी आणि पट्टा बांधणारे बाबा. घ्यायच्या आधीचं माझ्यासाठी लिहा, इंग्रजीत चार लेख पुरे, आणि त्यात तुमच्या मशीनची तपासणी कुठं झालीय ते खरं खरं लिहा. घेतल्यानंतरचं सगळं मराठीत, बाबांसाठी.

आणि बाबांसाठी म्हणजे अक्षर मोठं, वाक्यं छोटी, आणि जमलं तर वर एक ऑडिओ, तुमच्याच आवाजात. बाबा वाचत नाहीत, चष्मा शोधायचा कंटाळा, पण व्हॉट्सॲपवर आलेलं ऐकतात. दोन मिनिटांचा ऑडिओ मी त्यांना पाठवू शकते, लेखाची लिंक पाठवली तर ते उघडत पण नाहीत.

अजून एक, हे कुणी लिहीत नाही. मला ॲपवर त्यांचा आकडा दिसायला लागला आणि पहिला महिना मी रोज फोन करून ओरडत होते, मीठ जास्त खाल्लंत का, लोणचं खाल्लंत का. शेवटी त्यांनी मोजायचंच बंद केलं. आईनं सांगितलं तेव्हा कळलं. मला खूप वाईट वाटलं. लांबनं आईवडिलांचा बीपी बघणाऱ्या मुलांनी कसं वागायचं, कधी फोन करायचा आणि कधी गप्प बसायचं, यावर जर तुम्ही लिहिलंत तर मी तो लेख माझ्या ऑफिसच्या निम्म्या लोकांना पाठवीन, आम्ही सगळे असेच आहोत.

---

नियम_बघून_लिहा:

कायद्याच्या बाजूनं थोडं, मी उपकरणांच्या परवान्यांचं काम करतो. बीपी मशीन १ जानेवारी २०२१ पासनं औषधांच्या कायद्याखाली आलंय, त्यामुळं 'आमच्या ॲपनं बीपी बरा होतो', 'गोळ्यांपासून मुक्ती' असलं एक वाक्यसुद्धा लेखात नको. १९५४ चा जादूई उपायांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा आहे, त्याच्या यादीत ५४ आजार आहेत, त्यात बीपी पण आहे आणि डायबेटिस पण. लेख म्हणून लिहिलंय, जाहिरात नाही, हे म्हणणं टिकत नाही, खाली तुमच्या मशीनची लिंक असते ना. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायद्यात पहिल्यांदा १० लाखांपर्यंत आणि परत केलं तर ५० लाखांपर्यंत दंड आहे. मशीन मोजतं, बरं करत नाही, एवढं डोक्यात ठेवून लिहिलं की अडचण नाही.

आणि एखाद्या ग्राहकाची गोष्ट टाकणार असाल, त्या आजींची वगैरे, तर आधी लेखी परवानगी. नाव-गाव बदला. ॲपमधले आकडे लेखासाठी परस्पर वापरू नका.

---

राजारामपुरी_सातवी_गल्ली:

सगळ्यांचे मनापासनं आभार. दोन दिवस हेच वाचतेय, काल तिघं बसून ठरवलं ते लिहिते, चुकत असेल तर लगेच सांगा.

जुने ३३ लेख काढतोय, पाच ठेवून परत लिहिणार. पहिला लेख गोळी बंद करण्यावर. दुसरा रात्री आकडा वाढला तर, डॉक्टरबाईंनी सांगितलं त्याच क्रमानं, त्या पानावर आमचं नाव सुद्धा लहान अक्षरात आणि कुठलंही बटण नाही, पार्टनरचं आणि माझं यावर जरा वाजलं पण शेवटी त्याला पटलं. मग मोजायची पद्धत, फोटो आमच्याच घरात, आईला खुर्चीत बसवून. मग दोन आकडे, दंड आणि पट्टा, मिश्री. नवरात्राचा घटस्थापनेच्या आधी. इंग्रजीत सध्या दोनच, मशीन निवडताना काय बघायचं आणि लांब राहणाऱ्या मुलांसाठीचा. पुण्याच्या ताई, तो मी लिहून आधी तुम्हालाच वाचायला पाठवीन, चालेल ना? मी पण वडिलांशी असंच वागलेय.

२० हजारांतले आठ हजार तपासणाऱ्या डॉक्टरांचं मानधन, बाकी फोटो, ऑडिओ आणि क्यूआरच्या कागदाची छपाई. सात दिवसांची सरासरी ॲपमध्ये टाकायचं काम कालच चालू केलं. वहीत आता एक कॉलम वाढवलाय, लेख वाचून फोन केला का न वाचता.

मेडिकलवाले दादा, एक विनंती आहे. फोन करणारे म्हणजे आमचीच गिऱ्हाईकं, ज्यांनी अजून मशीन घेतलेलं नाही ते काय विचारतात हे मला कळतच नाही. तुमच्या काउंटरला एक दिवस मागं बसून ऐकलं तर चालेल का? कुणाचं नाव लिहिणार नाही, मशीनचं बोलणार पण नाही.

---

मेडिकल_काउंटर:

या की ताई, त्यात काय विचारायचं. सकाळी नका येऊ, तवा नुसती चिठ्ठी देऊन गोळ्या घेऊन जात्यात. संध्याकाळी सातला या, नऊपर्यंत बसा, लोक कामावरनं परत येताना थांबून बोलत्यात. नंबर मेसेज केलाय. आणि येताना शिंप्याचा नवीन टेप घेऊन या, माझ्याकडच्या टेपवरचं आकडं पुसलंत.